एसजीपीटी उतरला, पण यकृत वाचलं का?

प्रश्न एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने भुईआवळ्याचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क विस्टार रॅटना सात दिवस तोंडावाटे दिला, मात्रा २०० आणि ४०० मिलिग्रॅम प्रति किलो. सातव्या दिवशी यकृताला इजा करणारं कार्बन टेट्राक्लोराइड (पुढे सीसीएल-फोर), चोवीस तासांनी रक्त, तुलनेला सिलिमारिन हे यकृतासाठी वापरलं जाणारं वनस्पतिजन्य औषध. एसजीपीटी आणि एसजीओटी (यकृतपेशी फुटल्या की रक्तात वाढणारी एन्झाइमं), बिलिरुबिन, सगळं छान उतरलं. गाइडचं म्हणणं, आता पॅरासिटामॉलचं मॉडेल (म्हणजे जास्त मात्रेने यकृताला इजा करून तोच प्रयोग) करून टाक म्हणजे पेपर होईल. तिला विचारायचं आहे ते असं: एवढ्यावर ‘भुईआवळा यकृताचं रक्षण करतो’ असं लिहिता येईल का? नसेल, तर अजून काय करावं लागेल?

नाही, एवढ्यावर तसं लिहिता येणार नाही. तुमचं काम फुकट गेलंय असा याचा अर्थ नाही. हातातल्या आकड्यांवरून इतकंच म्हणता येतं की ज्या रॅटच्या पोटात आधीपासून अर्क होता, त्यांच्यात सीसीएल-फोरने कमी नुकसान केलं. का कमी केलं, ते अजून कळलेलं नाही. मी सव्वीस वर्षं याच कामात आहे आणि या विषयावरचे शेकडो प्रबंध तपासले आहेत. बहुतेकांची गाडी याच ठिकाणी थांबलेली असते. यकृताला बळ आलं, की विषच यकृतापर्यंत धड पोचलं नाही? या दोन गोष्टींचा आकडा अगदी सारखा दिसतो, अर्थ मात्र पार वेगळा असतो.

सीसीएल-फोर यकृतात गेल्यावर काय होतं ते आधी नीट डोळ्यांपुढे आणा. मूळ रेणू त्या मानाने शांत असतो. यकृतपेशीतलं सीवायपी टू-ई-वन हे एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि त्यातून ट्रायक्लोरोमिथाइल नावाचा फ्री रॅडिकल बाहेर पडतो. तो पेशीपटलातल्या स्निग्ध आम्लांना धरतो, मग एकातून दुसरं अशी पेरॉक्सिडेशनची साखळी सुरू होते, पटल फाटतं आणि आतलं एसजीपीटी रक्तात सांडतं. हे एन्झाइम सर्वांत जास्त असतं ते मध्यशिरेभोवतीच्या पेशींत. म्हणून स्लाइडवर शिरेच्या भोवती मेलेल्या पेशींचं कडं दिसतं आणि पोर्टल भागाजवळच्या, म्हणजे रक्त आत येतं तिथल्या, पेशी बऱ्याच शाबूत असतात. म्हणजे सीसीएल-फोरचं विष यकृत स्वतःच्या हातांनी तयार करतं.

आता अर्क कुठेकुठे आडवा येऊ शकतो ते पाहा. दोन्ही तोंडावाटे दिले असतील तर आतड्यातच सीसीएल-फोरचं शोषण मंदावू शकतं. सात दिवसांच्या अर्काने सीवायपी टू-ई-वन दबलं असेल तर विष तयारच कमी होईल. रॅडिकल तयार झाल्यावर तो टिपला गेला असेल. विषारी पदार्थांना निकामी करणारं पेशीतलं ग्लुटाथायोन आधीच वाढलेलं असेल. नंतरची सूज कमी झाली असेल, किंवा उरलेल्या पेशी लवकर विभागून भरपाई झाली असेल. चोवीस तासांनी घेतलेल्या रक्तात या सगळ्यांचा निकाल एकच: एसजीपीटी कमी. खऱ्या अर्थाने यकृताचं रक्षण म्हणता येईल ते शेवटच्या चार प्रकारांना. पहिल्या दोन्हींत अर्काने विषाला अडवलं, यकृताला काही दिलं नाही.

हा मुद्दा मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका वेलीचा पेट्रोलियम ईथरमधला अर्क होता. चिकट, काळपट, पाण्यात अजिबात न मिसळणारा. आम्ही तो थोड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवला, पुढे पाणी घातलं आणि माइसना (लहान उंदरांना) पॅरासिटामॉलच्या आधी दिला. निकाल इतका सुंदर आला की दोन दिवस कोणाला झोप नव्हती. विषाच्या गटात यकृत फिकट आणि डागाळलेलं, अर्काच्या गटात जवळजवळ निरोगी. मग प्राणिगृहातल्या आमच्या जुन्या तंत्रज्ञाने एक साधी गोष्ट विचारली, “सर, कंट्रोलला आपण नुसतं पाणीच दिलं ना?” खरंच, डीएमएसओ फक्त अर्काच्या गटाला मिळालं होतं. प्रयोग पुन्हा लावला, या वेळी एका गटाला अर्काशिवाय तेवढंच डीएमएसओ दिलं. त्या गटाची यकृतंही वाचली. डीएमएसओ सीवायपी टू-ई-वनला दाबतं, हे तेव्हाही छापून आलेलं होतं, आमच्या लक्षात नव्हतं. वेलीचं श्रेय शून्य. सहा महिन्यांचं काम आम्ही बाजूला ठेवलं आणि तेव्हापासून वाहक द्रवाचा (ज्यात औषध कालवतात त्या नुसत्या द्रवाचा) स्वतंत्र गट नसलेला एकही प्रोटोकॉल माझ्या सहीने पुढे गेला नाही.

तुमचा अर्क अल्कोहोलचा आहे, म्हणून हे तुम्हालाही लागू आहे. अल्कोहोल त्याच एन्झाइमचं गिऱ्हाईक. रोटरी इव्हॅपोरेटरवर अर्क मधासारखा घट्ट झाला की मुलं थांबतात, पण त्यात अल्कोहोल शिल्लक असतं. व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवून लागोपाठ वजनं घ्या, दोन वजनांत फरक पडेनासा झाला की मगच तो सुका माना. आणि मात्रा देताना सीएमसीच्या (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजच्या) पातळ द्रावणात कालवून द्या, तेच द्रावण प्रत्येक गटाला त्याच घनफळात.

विष अडवलं की यकृत वाचवलं, हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. सगळ्यांत सोपं म्हणजे मार्ग वेगळे ठेवा, अर्क तोंडावाटे आणि विष पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने. शोषणाचा संशय तिथेच मिटतो. दुसरं, वेळ बदला. एका गटाला अर्क विषाच्या आधी न देता नंतर द्या, दोन तासांनी किंवा चार तासांनी. तोवर विषाचं रूपांतर बरंचसं होऊन गेलेलं असतं. तरीही नुकसान कमी झालं, तर अर्कात काहीतरी दम आहे. नुसत्या आधी दिलेल्या मात्रेवर उभा असलेला निष्कर्ष मला नेहमी लंगडा वाटतो. दवाखान्यात येणारा माणूस विष घेऊन आलेला असतो, विष घेण्याआधी सात दिवस काढा पिऊन आलेला नसतो.

तिसरं, पॅरासिटामॉलच्या मॉडेलमध्ये ग्लुटाथायोन लवकर मोजा. पॅरासिटामॉलचा काही भाग त्याच सीवायपी टू-ई-वनमुळे एनएपीक्यूआय नावाच्या जहाल पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्याला पकडून निकामी करतं. उपाशी माइसला ३०० मिलिग्रॅम प्रति किलो दिलं की पहिल्या तासाभरातच यकृतातलं ग्लुटाथायोन तळाला जातं. अर्क दिलेल्या प्राण्यांतही ते तसंच तळाला गेलं आणि तरी पुढे पेशी वाचल्या, तर विष नीट तयार झालं होतं आणि अर्काने नंतर काम केलं असं मानायला आधार मिळतो. अर्काच्या गटात ग्लुटाथायोन मुळात उतरलंच नाही, तर एनएपीक्यूआय बनलंच नसण्याची शंका धरा. चोवीस तासांनी मोजलेलं ग्लुटाथायोन या प्रश्नाचं उत्तर देत नाही, कारण तोवर वाचलेल्या पेशींनी ते पुन्हा बनवलेलं असतं. तुमच्यासारख्या प्रबंधांत नव्वद टक्के वेळा मला चोवीस तासांचाच आकडा सापडतो. त्यावर ‘अँटिऑक्सिडंट यंत्रणा बळकट झाली’ असं लिहिलेलं असतं. यकृत वाचलं म्हणून ग्लुटाथायोन भरलेलं दिसतंय की ग्लुटाथायोन होतं म्हणून यकृत वाचलं, हे त्या आकड्यावरून कधीच ठरत नाही.

गाइडना एक गोष्ट नम्रपणे सांगा. पॅरासिटामॉलसाठी रॅट चांगला प्राणी नाही. त्याच्यात दोन-तीन ग्रॅम प्रति किलो देऊनही नुकसान थोडंच होतं, गटागटात फरक मोठा राहतो. माणसाच्या जवळचं चित्र माइसमध्ये उभं राहतं. तेव्हा हे मॉडेल करायचंच असेल तर प्राणी बदला, त्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीकडे सुधारित अर्ज करा आणि उपवासाची वेळ सगळ्यांना अगदी सारखी ठेवा. रात्रभर उपाशी माइसमध्ये ग्लुटाथायोन आधीच खाली असतं. एका पिंजऱ्यातलं खाद्य रात्री नऊला काढलं आणि दुसऱ्यातलं पहाटे, तर तुम्ही दोन वेगळे प्रयोग लावलेत.

पॅरासिटामॉलवरचा खरा उतारा म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन. रुग्णाला गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत ते मिळालं तर यकृत जवळजवळ नेहमी वाचतं, पुढे त्याचा जोर कमी होत जातो. या वेळेच्या हिशेबामुळेच ते आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहे. तुमच्या अर्काचीही अशी वेळेची खिडकी आहे का, एवढं जरी तुम्ही शोधलंत तरी प्रबंधाचा दर्जा बदलेल. तुलनेला सिलिमारिनसोबत, निदान पॅरासिटामॉलच्या प्रयोगात, एन-ॲसिटिलसिस्टीन जरूर ठेवा.

सिलिमारिनबद्दल इथेच सांगतो. यातला मुख्य घटक सिलिबिन. युरोपात ॲमानिटा फॅलॉइडिस ही विषारी अळंबी खाल्लेल्या रुग्णांना तो शिरेतून देतात. तिथे तो काय करतो? अळंबीतलं ॲमानिटिन ज्या वाहक प्रथिनामार्फत यकृतपेशीत शिरतं, तो रस्ता बंद करतो. म्हणजे हेही विष अडवणंच झालं आणि डॉक्टर ते उघडपणे याच कारणासाठी वापरतात. विष अडवण्यात कमीपणा नाही. पण त्याला त्याच्या नावाने ओळखावं लागतं, कारण ॲमानिटिन अडवणारं औषध फॅटी लिव्हरच्या माणसाला त्याच कारणाने उपयोगी पडणार नाही.

आता झाडाकडे येऊ. मला विचाराल तर तुमच्या प्रबंधातली सर्वांत कच्ची जागा हीच निघेल. भुईआवळा कुठून आणलात हे तुमच्या प्रश्नात नाही. बाजारातून सुकलेला आणला असेल तर त्याच्यात काय काय असतं ते मी पाहिलेलं आहे. एकदा एका वनौषधी विक्रेत्याकडून पाच किलोचं पोतं आणलं आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर पांढरा कागद अंथरून आम्ही मूठ-मूठ काढून निवडायला बसलो, तांदूळ निवडतात तसं. हातात दहापट भिंग. काही फांद्यांच्या खाली गुळगुळीत, देठ असलेली बारीक फळं, सुकलेल्या फुलाला पाच दलं, ही फायलँथस अमारस, म्हणजे आपल्याला हवा तो भुईआवळा. काहींची फळं खरखरीत, दाणेदार, देठ जवळजवळ नाहीच, खोडाला लालसर झाक, ही फायलँथस युरिनारिया. बी फोडून पाहिलं तर अमारसच्या बीवर लांबीत रेघा, युरिनारियाच्या बीवर आडव्या. आणि तिसरा ढीग फायलँथस मॅडेरास्पॅटेन्सिसचा, पाचरीसारखी पानं थेट मुख्य खोडावर. दुपारपर्यंत तीन ढीग झाले आणि अमारसचा ढीग तिघांत सर्वांत मोठाही नव्हता. वर गवत आणि माती वेगळी. विक्रेत्याने फसवलं असं मला म्हणायचं नाही. गोळा करणाऱ्या बायकांसाठी ही सगळीच भुईआवळी, आणि पावसाळ्यात शेताच्या बांधावर हे सगळं शेजारी-शेजारीच उगवतं.

म्हणून शक्य असेल तर झाड स्वतः गोळा करा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, फळं धरलेली असताना. गावाचं नाव, तारीख, जमीन लिहून ठेवा. दोन-तीन अखंड झाडं मुळासकट दाबून सुकवा, कागदावर चिकटवून हर्बेरियम शीट करा आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवून घ्या. तिथे जमा केलेल्या नमुन्याचा व्हाउचर क्रमांक प्रबंधात आला पाहिजे. अर्काचं एचपीटीएलसी (घटक प्लेटवर पट्ट्यांत वेगळे करणारी चाचणी) करून फायलँथिन आणि हायपोफायलँथिन या अमारसच्या ओळखीच्या घटकांचे पट्टे दिसतात का ते पाहा आणि प्रमाणही मोजा. युरिनारियाचा माल असेल तर हे पट्टे अगदी फिके येतील किंवा सापडणारही नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तुमचा प्रयोग पुन्हा करायचा झाला, तर त्याच्या हातात हे दोनच धागे असतील: व्हाउचर आणि एचपीटीएलसीची प्लेट.

सावलीत सुकवणं हाही शब्द प्रबंधांत सहज लिहिला जातो. आपल्याकडच्या ऑगस्टमधल्या दमट हवेत सावलीत सुकवलेल्या झाडाला बुरशी धरायला तीन दिवस पुरतात. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली तर त्यात अफ्लाटॉक्सिन येऊ शकतं आणि ते तर खुद्द यकृताचं विष. यकृताचं औषध तपासायला निघालेल्या माणसाने आपल्या अर्कातच यकृताचं विष नेऊ नये. पंख्याखाली पातळ थरात, किंवा ४० अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवा आणि अफ्लाटॉक्सिन, शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम यांची तपासणी करून घ्या. खर्च येतो हे मला माहीत आहे. दोन अँटिऑक्सिडंट चाचण्या कमी करा आणि ते पैसे इकडे लावा. डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीतला जांभळा रंग चहानेही उतरतो, त्यातून यकृताबद्दल काही कळत नाही.

मात्रेबद्दल थोडं कडक बोलतो, राग मानू नका. २०० आणि ४०० हे आकडे तुम्ही कसे ठरवलेत ते मी न विचारता सांगू शकतो. ओईसीडी ४२३ या विषारीपणाच्या चाचणीच्या नियमाप्रमाणे किलोमागे २००० मिलिग्रॅमला एकही प्राणी दगावला नाही, मग त्याचा दहावा आणि पाचवा भाग घेतला. ही पद्धत इतकी रुळली आहे की कोणी तिचं कारण विचारत नाही. पण २००० ही चाचणीची वरची मर्यादा आहे. तिचा तुमच्या झाडाच्या गुणाशी काहीएक संबंध नाही. मिठाचा आणि भुईआवळ्याचा दहावा भाग या हिशेबाने एकच येईल. त्याऐवजी उलटीकडून या. रॅटच्या मात्रेला ६.२ ने भागलं की शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने माणसाची मात्रा येते. ४०० भागिले ६.२ म्हणजे सुमारे ६४.५ मिलिग्रॅम प्रति किलो. साठ किलोच्या माणसाला रोज ३.९ ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम सुक्या झाडातून समजा १२ ग्रॅम अर्क निघत असेल, तर ही झाली रोजची ३२ ग्रॅम सुकी पावडर. वैद्य भुईआवळ्याचं चूर्ण दिवसाला काही ग्रॅम देतात. म्हणजे तुमची वरची मात्रा परंपरेच्या किती तरी पुढे गेली आणि ‘परंपरेतल्या वापराला पुष्टी मिळाली’ हे वाक्य प्रबंधातून काढावं लागेल. परंपरेच्या मात्रेपासून सुरुवात करून तीन किंवा चार पायऱ्या घ्या, ५०, १००, २००, ४०० अशा. मात्रेनुसार परिणाम चढत गेला तर निकालाला वजन येतं.

रक्ताच्या आकड्यांत काही खड्डे आहेत. एसजीओटी लाल पेशींतही भरपूर असतं, त्यामुळे डोळ्यामागून रक्त घेताना नमुना जरा गुलाबी झाला की तो आकडा बाद. माझा भर नेहमी एसजीपीटीवर असतो. विषाच्या गटात एसजीपीटी हजारोंत जातो, पण किटची सरळ रेषा त्याच्या कितीतरी आधी संपते. सिरम पातळ न करता मोजलं तर सब्स्ट्रेट मध्येच संपतं आणि आकडा खोटा, कमी येतो. दहापट पातळ करून पुन्हा मोजा आणि जुळतो का ते पाहा. शिवाय एसजीपीटी म्हणजे गळती, यकृताचं काम नव्हे. यकृत पार खलास होत आलं की गळायलाच काही उरत नाही आणि एसजीपीटी उतरतो. दवाखान्यात एसजीपीटी पडतोय आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढतोय असं दिसलं की डॉक्टरांच्या पोटात गोळा येतो. तेव्हा एसजीपीटीच्या शेजारी अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम असूद्या. विषाच्या गटात प्राणी मेले असतील तर तेही तक्त्यात लिहा. जे मेले त्यांचे आकडे सर्वांत वाईट असणार होते. त्यांना वगळून काढलेली सरासरी उगीच बरी दिसते.

चोवीस तासांनी पोट उघडल्यावर यकृत आधी डोळ्यांनी नीट पाहा. निरोगी यकृत गडद तांबूस-तपकिरी, कडा धारदार, पृष्ठभाग ओला आणि चकचकीत. सीसीएल-फोरचं यकृत फुगलेलं, कडा बोथट, पिवळट ठिपक्यांनी भरलेलं, चिमट्यात धरलं तर तुटतं, सुरीवर तेलकट थर राहतो. फोटो काढा, प्रत्येक प्राण्याचा, एकाच उजेडात. तुकडा नेहमी त्याच, डाव्या मोठ्या खंडातून, तीन-चार मिलिमीटर जाडीचा, त्याच्या दहापट घनफळाच्या फॉर्मलिनमध्ये. आणि स्लाइडवर गटाचं नाव लिहू नका. फक्त क्रमांक लिहा आणि यादी पाकिटात बंद करून दुसऱ्या कोणाकडे द्या. आमच्या एका मालिकेत पॅथॉलॉजिस्टने नावं पाहून दिलेले गुण आणि सहा महिन्यांनी त्याच स्लाइड्सना आंधळेपणाने दिलेले गुण यांत अर्काच्या गटापुरता चांगलाच फरक पडला. माणूस प्रामाणिक होता, डोळ्याला जे हवं असतं ते दिसतं.

प्राणिगृहात कोणता रॅट कोणत्या गटात जाणार हेही चिठ्ठ्यांनी ठरवा. पिंजऱ्यातून हाताला पहिले लागतात ते रॅट मंद किंवा माणसाळलेले असतात आणि ते सगळे एका गटात गेले की घोटाळा सुरू. गटात सहाच प्राणी असतील तर स्टँडर्ड एरर न दाखवता प्रत्येक प्राण्याचा ठिपका आलेखावर दाखवा. हे प्राणी आपल्यासाठी मरतात. नीतिसमितीकडे परवानगीसाठी भरायचा फॉर्म बी म्हणजे कारकुनी नाही. एक गट कमी करता येत असेल तर करावा, पण ज्या गटाशिवाय निष्कर्षच निघत नाही, तो गट वाचवून बाकीचे सगळे प्राणी वाया घालवणं मला अधिक क्रूर वाटतं.

पेशींवर काम करण्याचा मोह होईल. हेप-जी-टू या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृताच्या कर्कपेशी स्वस्त आहेत, पण त्यांत विषाचं रूपांतर करणारी एन्झाइमं फारच कमी असतात. त्यामुळे पॅरासिटामॉल किंवा सीसीएल-फोरचा खरा मार्ग तिथे चालत नाही. शिवाय एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी जांभळ्या रंगावरून मोजतात तिच्यात) कित्येक अर्क पेशींशिवायच जांभळा रंग देतात. अर्क आणि एमटीटी, मध्ये एकही पेशी नाही, असा एक खड्डा प्लेटवर ठेवा. तो जांभळा झाला तर ती चाचणी सोडून द्या.

आता रॅटकडून माणसाकडे. भुईआवळ्याची गोष्ट इथे फार बोलकी आहे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलं होतं की हिपॅटायटिस बीच्या वाहकांना फायलँथस अमारस महिनाभर दिल्यावर ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठप्रतिजन नाहीसं झालं, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या गोळीच्या) गटात २३ पैकी फक्त एकाच्या. जगभर खळबळ झाली. पुढे थायलंडसह इतर ठिकाणी तसं काही दिसलं नाही. झाड वेगळं होतं का, माल वेगळा होता का, पाठपुरावा अपुरा होता का, यावर बरीच वर्षं वाद झाला. व्हाउचर आणि रासायनिक ठसा पहिल्यापासून सगळीकडे असता, तर यातला निम्मा वाद झालाच नसता.

आपल्याकडे गावोगावी कावीळ उतरवतात, गळ्यात काड्यांची माळ घालतात. काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते आणि कावीळ उतरल्याची खूण मिळते. हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेक लोकांत आपोआपच काही आठवड्यांत बरे होतात, त्यामुळे त्या दिवसांत जे घेतलं त्याला श्रेय जातं. मी त्या माणसांना दोष देत नाही, त्यांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं. पण गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला असेल तर ते आठवडे जीवघेणे ठरू शकतात. म्हणूनच माणसांवरच्या चाचणीत तुलनेचा गट नसेल, तर मी त्या आकड्याकडे पाहतही नाही.

आणि ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य प्रस्तावनेतून काढा. कोविडच्या काळात घराघरांत गुळवेल उकळली जात होती. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत सहा रुग्णांत तिच्याशी जोडलेली यकृताची इजा दिसली आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयाने त्यावर म्हटलं की वापरलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती की तिची बहीण क्रिस्पा, याची नीट खात्री झालेली नाही. त्यानंतर देशातल्या तेरा केंद्रांतून आणखी रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत स्वप्रतिकारक हिपॅटायटिससारखं चित्र होतं. ज्यांच्या शरीरात ही प्रवृत्ती आधीच दडलेली असते, त्यांच्यात प्रतिकारशक्तीला चाळवणारी वनस्पती उलटू शकते. तुमच्या सात दिवसांच्या रॅट-प्रयोगात हे कधीच दिसणार नाही. म्हणून निदान २८ दिवस नुसता अर्क दिलेला, विष न दिलेला एक गट ठेवा आणि त्यांची यकृतंही तितक्याच बारकाईने पाहा.

तुमच्याकडे वेळ किती आहे मला माहीत नाही, म्हणून क्रम लावून देतो. आधी उरलेल्या मालाची ओळख आणि एचपीटीएलसी. माल भेसळीचा निघाला तर पुढचं सगळं थांबवा आणि ऑगस्टची वाट पाहा. माल शुद्ध असेल तर सुधारित अर्ज करून माइसमध्ये पॅरासिटामॉलचा एकच नेटका प्रयोग: वाहक द्रवाचा गट, विष, विषाच्या आधी अर्क, विषानंतर दोन तासांनी अर्क, एन-ॲसिटिलसिस्टीन. तासाभराने ग्लुटाथायोनसाठी काही प्राणी, चोवीस तासांनी बाकीचे, स्लाइड्स आंधळ्या. सीसीएल-फोरचा झालेला प्रयोग आहे तसाच ठेवा, पण त्याचा निष्कर्ष ‘आधी दिलेल्या अर्काने सीसीएल-फोरची इजा कमी झाली’ इतकाच लिहा. सुधारित अर्ज समितीपुढे जाण्याआधी गटांचा तक्ता मला दाखवायचा असेल तर इथेच टाका, मी पाहीन. आणि उरलेल्या मालातली मूठभर पावडर काचेच्या बरणीत, तारीख आणि गावाचं नाव लिहून, आजच वेगळी काढून ठेवा.